विन्यू व्हेर्द: हलकी का, फसफसते का, आणि किती दिवस ठेवावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुतण्याने पोर्तुगालमधल्या पोर्तोहून येताना ‘विन्यू व्हेर्द’ नावाच्या पांढऱ्या वाइनच्या दोन बाटल्या आणल्या. पहिलीवर ९.५ टक्के अल्कोहोल लिहिलेलं, साल कुठेच नाही. उघडली तर ग्लासच्या कडेला बारीक बुडबुडे आणि जिभेला चुणचुण. ती बिघडली होती का? इतकी हलकी म्हणजे पाणी घातलेली, स्वस्तातली का? दुसरीवर ‘आल्व्हारिन्यू’ आणि ‘मोंसांव इ मेल्गासू’ असे शब्द आहेत, १२.५ टक्के. ती मुलीच्या पुढच्या वर्षीच्या साखरपुड्यापर्यंत ठेवावी का? आणि पुण्यातल्या घरच्या जेवणाबरोबर यातलं काय जमेल?

आधी उत्तर देते, मग कारणं. पहिली बाटली बिघडलेली नाही आणि तिच्यात कुणी पाणीही घातलेलं नाही. बुडबुडे असायलाच हवे होते. थोडी उरली असेल तर आज-उद्याकडे संपवून टाका. दुसरी साखरपुड्यापर्यंत खुशाल ठेवा, मात्र माळ्यावर किंवा ओट्याखालच्या कपाटात नको.

नाव एकच आणि सल्ले मात्र उलट, असं का, ते त्या प्रदेशातल्या शेतात गेल्याशिवाय समजत नाही. मी जुन्नर तालुक्यातल्या द्राक्ष बागायतदाराच्या घरातली. पुढे वाइनरीत काम केलं, आता पुण्यात हॉटेलांतल्या मुलामुलींना वाइन चाखायला आणि वाढायला शिकवते. त्यामुळे ग्लासात नाक घालण्याआधी वेल कसा बांधलाय हे विचारायची मला खोड आहे.

पोर्तुगालचा वायव्य कोपरा डोळ्यांसमोर आणा. उत्तरेला मिन्यू नदी. तिच्या पलीकडे स्पेनचा गालिसिया प्रांत. दक्षिणेला दोरू नदी, आणि प्रदेशाचा थोडा भाग तिच्याही पलीकडे. पश्चिमेला अटलांटिक महासागर, पूर्वेला पेनेदा, झेरेश, मारांव हे डोंगर. मधल्या लीमा, काव्हादू, आव्ह या नद्या डोंगरातून निघून समुद्राला मिळतात, त्यामुळे खोऱ्यांची तोंडं समुद्राकडे उघडी. समुद्रावरची ओली हवा सरळ आत शिरते आणि डोंगराला अडून पाऊस पाडते. वर्षाला साधारण १२०० ते १५०० मिलिमीटर, डोंगराच्या अंगाला त्याहून बराच जास्त. पुणे शहरात सरासरी सातशेच्या आसपास पडतो, त्यावरून अंदाज घ्या. मात्र तिकडचा पाऊस मुख्यतः हिवाळ्यात आणि वसंतात. उन्हाळे त्यामानाने कोरडे. पावसाची ही वेळ द्राक्षाला सोयीची वाटते खरी, पण वसंतात वेलीला कोवळी फूट असते आणि हवा ओली असते. केवडा आणि भुरी हे दोन रोग माहीत असलेल्या कुठल्याही बागायतदाराला हे वाक्य वाचूनच घाम फुटेल.

१९०८ मध्ये कायद्याने विन्यू व्हेर्दच्या या प्रदेशाची हद्द आखली गेली. आज त्याचे नऊ उपविभाग आहेत: मोंसांव इ मेल्गासू, लीमा, काव्हादू, आव्ह, बाश्तू, सोझा, आमारांत, बायांव आणि पायव्हा. लीमा आणि सोझा तुम्ही गोव्यात आडनावं म्हणून ऐकली असतील. यातला पहिला उपविभाग तुमच्या दुसऱ्या बाटलीवर आहे. त्याच्याकडे नंतर येते, कारण तो बाकीच्या आठांपेक्षा वेगळा वागतो.

जमीन बहुतेक ग्रॅनाइटची, वालुकामय, आम्लयुक्त. आणि तुकड्या-तुकड्यांची! वाटण्या होत होत शेतं इतकी लहान झाली की नुसत्या द्राक्षाला अख्खं रान देणं कुणाला परवडत नव्हतं. अमेरिकेतून आलेला मका इथे चांगला रुजला, बटाटा आणि पानकोबीच्या जातीची भाजीही. घर चालवायला हे आधी हवं, द्राक्ष त्यानंतर. मग वेल गेला बांधाला. बांधावरच्या ओक, पॉप्लर, चेस्टनटच्या झाडांवर चढवला. एका झाडावरून दुसऱ्यावर नेला. काढणीला माणसं उंच शिड्या लावून वर चढत. पुढे ग्रॅनाइटचे खांब उभे करून त्यावर मांडव घातले, रस्त्याच्या वर, अंगणाच्या वर, शेताच्या कडेने, आणि खाली भाजी तशीच चालू. त्याच भाजीच्या पानांचं बारीक चिरून केलेलं बटाट्याचं हिरवं सूप हे या भागाचं रोजचं जेवण, सोबतीला मक्याचा पाव.

हे वाचून तुम्हाला नारायणगाव किंवा सांगलीकडचे मांडव आठवले असतील. बांधणी खरोखरच सारखी, पण आपला हेतू निराळा. आपण घड पानांच्या छपराखाली ठेवतो ते उन्हाने मणी भाजू नयेत म्हणून आणि टनेज मिळावं म्हणून. मिन्यूच्या शेतकऱ्याला खालची जमीन मोकळी हवी होती. उंचावर हवा खेळती राहते, जमिनीच्या ओलीपासून घड लांब राहतात, हा फायदा त्याला जोडीने मिळाला. केवडा अमेरिकेतून युरोपात पोहोचला १८७८ च्या सुमाराला, त्यावर फवारायचं मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण आलं १८८५ मध्ये. झाडांवर वेल चढवण्याची रीत त्याच्या कितीतरी आधीची आहे. म्हणजे रोगासाठी ती शोधलेली नाही, रोग आल्यावर कामी मात्र आली.

या मांडवाने वाइनला काय केलं? वेल जोमदार, पानं भरपूर, घडही भरपूर, आणि ते सावलीत. त्यात समुद्राची थंड हवा. अशा द्राक्षात साखर हळूहळू चढते आणि आम्ल मात्र टिकून राहतं. सप्टेंबर संपत आला, ऑक्टोबरचा पाऊस दारात उभा, शेतकरी आता थांबू शकत नाही. साखर आहे तेवढ्यावर तो काढणी करतो. किण्वनात यीस्ट साखरेचं अल्कोहोल करतं, म्हणून साखर कमी तर अल्कोहोल कमी. आपल्या बागायतदाराच्या भाषेत सांगायचं तर साडेनऊ टक्क्यांची वाइन म्हणजे साधारण १७ ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातली साखर मोजायचं माप) काढलेलं द्राक्ष. नाशिकला वाइनची द्राक्षं सहसा २१ ते २३ ब्रिक्सला तोडतात. तुमच्या बाटलीतला हलकेपणा हा असा बागेतूनच आला आहे. साध्या विन्यू व्हेर्दसाठी नियमच ८ ते ११.५ टक्क्यांचा आहे.

आपल्याकडे नेमकी उलटी तारांबळ असते. एप्रिलला खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरला फळछाटणी, आणि काढणी जानेवारी ते मार्च. म्हणजे आपलं द्राक्ष पिकतं ते वाढत्या उन्हाच्या तोंडाशी. साखर भराभर चढते, आम्ल भराभर पडतं. नाशिकच्या वाइनमेकरची पहाटे तोडणी करण्याची, माल गार ठेवण्याची, वेळ पडली तर टार्टरिक आम्ल घालण्याची सगळी धडपड रसातला आंबटपणा वाचवण्यासाठी असते. मिन्यूचा माणूस आंबटपणाने वैतागलेला असतो आणि आणखी चार दिवस ऊन मिळावं म्हणून आभाळाकडे बघतो.

आता मांडव कमी होत चालले आहेत. गेल्या काही दशकांत तिथेही तारेवरची कमी उंचीची बाग आली, एकेका जातीचे सलग प्लॉट आले, आणि त्यामुळे वाइन पूर्वीपेक्षा जास्त पिकलेली, नीटस लागते. जुने मांडव रस्त्याकडेला आणि घरांभोवती अजून दिसतात.

द्राक्षाच्या जातींबद्दल थोडक्यात. साध्या बाटलीत सहसा तीन-चार जातींचं मिश्रण असतं. लोरेइरू ही लीमा खोऱ्याची लाडकी. फुलांचा वास, संत्र्याच्या मोहोरासारखा, आणि लिंबाची साल. आरिंतू, जिला तिकडे पेदर्नां म्हणतात, ती आम्लाची बाजू सांभाळते. आझाल आतल्या भागातली, आणखी तीक्ष्ण, हिरव्या सफरचंदासारखी. त्राझादुरा मऊ स्वभावाची, बाकीच्यांचा कडकपणा कमी करायला घालतात. आव्हेसू दोरू नदीलगतच्या बायांवकडची, अंगाने जरा भरलेली. मला स्वतःला नुसत्या लोरेइरूची बाटली या सगळ्या मिश्रणांपेक्षा आवडते. पुतण्या पुन्हा जाणार असेल तर त्याला ‘लोरेइरू’ हा शब्द लिहून द्या; युरोपातल्या दुकानात ती फार महाग नसते आणि वास मात्र विसरण्यासारखा नसतो.

इथे लाल विन्यू व्हेर्दही होते, आणि काही दशकांपूर्वी लालच जास्त होत असे. विन्यांव नावाच्या जातीची, शाईसारखी गडद, तुरट आणि आंबट, पांढऱ्या चिनीमातीच्या वाडग्यातून प्यायची. स्थानिक लोक तिच्यावर जीव टाकतात. पहिल्यांदा पिणाऱ्याने जपून!

आता बुडबुडे. जुन्या काळी ही वाइन थंडीतच बाटलीत भरत. द्राक्षातलं मॅलिक आम्ल भरपूर शिल्लक असे. वसंतात हवा तापली की बाटलीतच जिवाणू कामाला लागत आणि त्या तीक्ष्ण आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल करत. त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटे, बाहेर जायला वाट नसल्याने वाइनमध्येच विरघळून राही. वाइन थोडी गढूळ व्हायची, पण प्यायला ती चुणचुण लोकांना आवडू लागली. पुढे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झालं, निर्यात वाढली, आणि बाटलीतल्या जिवाणूंच्या मर्जीवर कोण राहणार? आज बहुतेक साध्या बाटल्यांत वाइन गाळून, स्वच्छ करून, भरताना वायू मिसळतात. दाब अगदी कमी, एक बारच्याही आत. शॅम्पेनमध्ये तो पाच-सहा बार असतो. म्हणून बूच उडत नाही, फेस येत नाही, नुसते कडेला मणी दिसतात आणि जिभेच्या टोकाला चुणचुणतं.

यावर नाकं मुरडणारे लोक आहेत. मला यात फसवणूक दिसत नाही. वायूमुळे हलकी वाइन ताजी लागते, आणि आंबटपणाला धार येते. मला खटकते ती दुसरी गोष्ट: काही मोठ्या ब्रँडांच्या बाटल्यांत थोडी साखर शिल्लक ठेवतात, मग ती सगळ्यांना आवडण्यासारखी गुळमट होते आणि प्रदेशाची ओळखच पुसली जाते. या प्रकारातलं सर्वांत जुनं प्रसिद्ध नाव म्हणजे पेनाफिएलच्या आव्हेलेदा घराण्याची ‘कासाल गार्सिया’, १९३९ पासूनची, निळ्या लेसच्या नक्षीच्या लेबलची. उन्हाळ्यातल्या दुपारी बर्फात गार करून प्यायला चांगलीच आहे. पण ती पिऊन विन्यू व्हेर्द कळली असं समजू नका.

बाटली खरोखर बिघडली आहे का हे बुडबुड्यांवरून ठरवायचं नसतं. रंग बघा: फिकट, लिंबाच्या रसासारखा, हिरवट झाक असेल तर उत्तम, पिवळसर तपकिरी झाला असेल तर वाइन हवेने किंवा उष्णतेने थकलेली. वास घ्या: व्हिनेगर, नेलपॉलिश, ओला पुठ्ठा यांतलं काही आलं तर ओतून द्या. कापलेलं हिरवं सफरचंद, मोसंबीची साल, ओला दगड असं काही आलं तर बाटली सुखरूप पोहोचली आहे.

साल का नाही? कारण साध्या विन्यू व्हेर्दमध्ये बऱ्याचदा दोन हंगामांची वाइन एकत्र करतात, चव दरवर्षी सारखी राहावी म्हणून. बाटलीच्या पाठीवर किंवा मानेवर प्रदेशाच्या वाइन मंडळाचं क्रमांक असलेलं छोटं हमीचं सील असतं, ते जरूर बघा. पण त्या क्रमांकावरून वय तुम्हाला आम्हाला कळत नाही. आणि ही वाइन तर ताजेपणावरच जगते. भरल्यापासून वर्षभरात संपावी अशी तिची बांधणी. वायू हळूहळू निघून जातो, फुलांचा वास उडतो, उरतं नुसतं आंबट पाणी. साल नसलेली बाटली म्हणूनच धूळ बसलेल्या फळीवरून कधी उचलू नये. ‘जुनी वाइन चांगली’ हे वाक्य आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत सर्रास ऐकू येतं; जगातल्या बहुतेक पांढऱ्या वाइनना ते लागू पडत नाही.

दुसऱ्या बाटलीचं तसं नाही. मोंसांव आणि मेल्गासू ही दोन गावं मिन्यू नदीकाठी, प्रदेशाच्या अगदी उत्तर टोकाला, समुद्रापासून आत. चारी बाजूंनी डोंगर असल्याने अटलांटिकची ओली हवा अडते. पाऊस कमी, उन्हाळ्याच्या दुपारी चांगल्याच तापतात, रात्री मात्र गार. आल्व्हारिन्यू हे द्राक्ष बारीक मण्यांचं, जाड सालीचं, रस कमी देणारं. नदीपलीकडे गालिसियात हेच द्राक्ष आल्बारिन्यो म्हणून ओळखलं जातं आणि रियाश बायशाश या प्रदेशाची सारी ख्याती त्याच्यावर आहे. अलीकडच्या काठावर ते पुरेसं पिकतं, म्हणून नियमही वेगळा: आल्व्हारिन्यूला ११.५ टक्क्यांपासून वर चौदापर्यंत मुभा. पूर्वी लेबलावर ‘विन्यू व्हेर्द’ आणि ‘आल्व्हारिन्यू’ हे दोन शब्द जोडीने लिहिण्याचा हक्क फक्त याच उपविभागाला होता. आता प्रदेशातल्या इतरांनाही तो मिळाला आहे, म्हणून उपविभागाचं नाव बघून घेणं पूर्वीपेक्षा जास्त महत्त्वाचं. तुमच्या बाटलीवर ते आहे. पुतण्याने विचारून घेतलेली दिसते.

मेल्गासूमध्ये १९७४ साली एका घराने आल्व्हारिन्यूची सलग बाग लावली आणि पुढे १९८२ पासून ‘सोआल्येइरू’ या नावाने बाटल्या काढल्या. तोपर्यंत तिथेही वेल शेताच्या कडेलाच असे. आज त्या परिसरातल्या चांगल्या आल्व्हारिन्यूला पीच, पिकलं पपनस, कधी मधाचा वास येतो, अंग भरलेलं असतं, बुडबुडे जवळपास नसतात, आणि आम्ल इतकं असतं की चार-पाच वर्षं ती सहज टिकते. काही तर त्याहून जास्त. वर्षभरात तुमची बाटली सुधारेलच असं मी म्हणणार नाही, पण बिघडणार नाही. बाटलीवर साल असेलच, ते बघा. पाच-सहा वर्षांपूर्वीचं असेल तर साखरपुड्याची वाट न पाहता एखाद्या रविवारी उघडा.

ठेवायची कुठे, हा पुण्यात खरा प्रश्न. पूर्वी वाड्यांत भिंती जाड असत. आता फ्लॅटमध्ये एप्रिल-मे महिन्यात दुपारी आतलं तापमान पस्तिशीला टेकतं. माळा तर भट्टीच. महिनाभर अशा उष्णतेत पडलेली पांढरी वाइन चवीला भाजल्यासारखी आणि थकलेली लागते, मग ती कितीही किमती असो. पुण्यात मी चाखलेल्या बिघडलेल्या बाटल्यांपैकी बहुतेक बनवणाऱ्याकडे ठीकच होत्या. त्यांना रस्त्यातल्या आणि घरातल्या उन्हाने मारलं. तेव्हा बाटली फ्रिजच्या सर्वांत खालच्या फळीवर, मागे, आडवी ठेवा. दारातल्या कप्प्यात नको, तिथे दिवसभर हिंदकळते. वर्षभर फ्रिज आदर्श नाही, बूच थोडं सुकू शकतं. पण पुण्याच्या उन्हाळ्यापेक्षा शतपटीने बरा.

आता जेवण. इथे साडेनऊ टक्क्यांची ती ‘स्वस्त’ बाटली भाव खाऊन जाते. तिखट आणि अल्कोहोल यांचं जमत नाही. चौदा टक्क्यांची वाइन झणझणीत रश्श्यावर प्याल तर तोंडाची आग वाढते. हलक्या, गार, आंबटसर वाइनने ती वाढत नाही. तळणाचा तेलकटपणा आम्ल साफ करतं. म्हणून कोथिंबीर वडी, अळूवडी, साबुदाणा वडा, कांदाभजी या आपल्या पुणेरी संध्याकाळच्या खाण्याला मी विन्यू व्हेर्दइतकी जुळणारी परदेशी वाइन क्वचितच पाहिली आहे. बोंबील फ्राय असेल तर मग बोलायलाच नको. तिकडेही ती तळलेल्या आणि भाजलेल्या माशांबरोबरच पितात.

एक-दोन गोष्टी मात्र सांभाळा. जेवण वाइनपेक्षा आंबट असेल तर वाइन पाणचट लागते. सोलकढी आणि ही वाइन एकत्र नको, दोन्ही स्वतंत्रपणे छान. जेवण वाइनपेक्षा गोड असेल तर वाइन कडवट-आंबट होते. चिंचगुळाची आमटी, गोड वरण, श्रीखंड, पुरणपोळी यांच्या वाटेला जाऊ नका. अळूवडीत गूळ हात राखून घाला म्हणजे झालं. मिरचीचा ठेचा असेल तर बुडबुड्यांची चुणचुण काहींना जास्त झोंबते, काहींना नेमकी तीच आवडते.

आल्व्हारिन्यूला जरा अंगाचं जेवण द्या. नारळाच्या रसातली सुरमई किंवा कोळंबी, मालवणी मसाला हलक्या हाताने घातलेला; शाकाहारी घरात काजूची उसळ, मटार-पनीर, सुरळीची वडी. साखरपुड्याच्या जेवणावळीत मात्र ती उघडू नका. पन्नास माणसांत एक बाटली म्हणजे कुणालाच काही कळणार नाही. आदल्या रात्री घरातल्या चौघांनी बसून प्या.

हलकी आहे म्हणून गाडी चालवता येईल, असं कुणी म्हणालं तर हिशेब दाखवा: साडेनऊ टक्क्यांच्या वाइनचा १५० मिलिलिटरचा ग्लास म्हणजे सुमारे १४ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. पाच टक्के बिअरच्या ३३० मिलिलिटरच्या टिनमध्ये ते साडेसोळा असतं. फरक फार नाही. आणि ही वाइन सरबतासारखी उतरते, म्हणून ग्लास मोजायचं भान सुटतं.

पहिलीसारखी बाटली पुण्यात मिळेल का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल. मोठ्या दुकानांत कधीमधी दिसते. आयात शुल्क आणि वरचे कर लागून पोर्तुगालमधल्या तीन-चार युरोच्या बाटलीची किंमत इथे कित्येक पट होते, शिवाय ती बोटीतून, गोदामातून किती महिन्यांनी आली हे कळायला मार्ग नाही. ताजेपणावर जगणाऱ्या वाइनसाठी एवढे पैसे देणं मला पटत नाही. त्याऐवजी नाशिकची सोव्हिन्यों ब्लां किंवा शेनिन ब्लां घ्या. नाशिकच्या सुला वाइनरीने याच दोन जातींनी २००० साली सुरुवात केली. पुढच्याच वर्षी राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं आणि दिंडोरीपासून अकलूजपर्यंत वाइनरी उभ्या राहिल्या. आपल्या पुणे जिल्ह्यात नारायणगावला तर त्याआधीच, १९८० च्या दशकात, फ्रेंच पद्धतीची फसफसणारी वाइन बनत होती. आणि द्राक्षाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र १९९७ पासून मांजरीला आहे, हडपसरच्या पलीकडे. वाइनच्या जातींवरही तिथे काम चालतं.

नाशिकची पांढरी वाइन विन्यू व्हेर्दची जागा हुबेहूब घेणार नाही. अल्कोहोल बारा-तेराच्या घरात, बुडबुडे नाहीत, आणि शेनिन बऱ्याचदा किंचित गोड. तळणाबरोबर सोव्हिन्यों ब्लां जास्त जवळची वाटेल. हिरव्या मिरचीचा, कापलेल्या गवताचा वास असतो तिला. काढणी मार्चपर्यंत आटोपते, त्यामुळे त्याच वर्षाची पांढरी वाइन पावसाळ्याच्या आसपास दुकानात यायला लागते. दुकानदाराला विचारताना ‘ताजी काय आली?’ असं विचारा आणि बाटलीवरचं साल स्वतः वाचा. एसी नसलेल्या दुकानातली, खिडकीत उन्हात मांडलेली बाटली नको.

वाढताना पहिल्या प्रकारची वाइन ८ अंशांच्या आसपास, म्हणजे फ्रिजमधून काढून पाच-दहा मिनिटांनी. फ्रिजमध्ये ठेवायला विसरला असाल तर बादलीत बर्फ आणि पाणी दोन्ही घाला, नुसता बर्फ नको. वीस मिनिटांत होते. आल्व्हारिन्यू थोडी कमी गार, १० ते १२ अंश, नाहीतर तिचे वास मिटून राहतात. ग्लास साधा, मध्यम आकाराचा चालेल. एका वेळी थोडीच ओता, आपल्याकडे ग्लासात ती लगेच तापते. उघडलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये दोन दिवस बरी राहते, बुडबुडे मात्र दुसऱ्या दिवशी गेलेले असतात. तेवढी उरलीच असेल तर रविवारी तिसऱ्या (शिंपले) शिजवताना पाण्याऐवजी घाला, लसूण आणि कोथिंबिरीबरोबर. मीठ नेहमीपेक्षा थोडं कमी.